मुक्काम आणि वास्तव्य

दिवाळी अंकात एक तरी परदेशाचे प्रवासवर्णन असलेच पाहिजे, अशी आपल्या संपादकांची दृढ समजूत आहे. चकलीवाचून फराळाचे ताट पुरे होत नाही, तसा विमानतळावाचून अंक पुरा होत नाही. पूर्वी ही वर्णने विलायतेची असत. आता विमान स्वस्त झाले आणि बँकॉक जवळ आले. त्यामुळे हल्ली लेखक आठ दिवस थायलंडला जातो, सोन्याच्या बुद्धापुढे उभा राहतो, तरंगत्या बाजारात नारळाच्या पाण्याचा भाव करतो, बरोबर नेलेल्या आचाऱ्याच्या हातचा वरणभात जेवतो, आणि परत आल्यावर दहा पाने लिहितो. नवव्या पानावर तो थाई माणसाचा स्वभाव सांगतो आणि दहाव्या पानावर त्या देशाचे भवितव्य.

या लेखनाबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती सणाच्या दिवशीच मांडायची आहे. कारण ही पाने सणाच्या दिवशीच वाचली जातात. तक्रार प्रवासाबद्दल नाही. माणसाने जरूर फिरावे. आयुष्यभर काटकसर करून साठीला आलेले नवराबायको चार दिवस समुद्राकाठी हिंडून आले तर कोणाच्या पोटात दुखावे? पुरणपोळ्यांचा डबा बरोबर नेण्याबद्दलही तक्रार नाही. ज्याला जे पचते ते त्याने खावे. तक्रार आहे ती ‘पाहिले’ आणि ‘जाणले’ ही दोन क्रियापदे एकाच अर्थाची मानण्याबद्दल. मुक्काम वेगळा आणि वास्तव्य वेगळे. मुक्कामाला पैसे लागतात, वास्तव्याला वर्षे लागतात. आठ दिवसांचा पाहुणा रहिवाशाच्या आवाजात बोलू लागला, की ऐकणाऱ्याची फसवणूक होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, जो खरोखर परमुलखात राहिला त्याचे बोलणे कोणी ऐकेनासे होते.

या प्रवासवर्णनांतले एक वाक्य तर ठरलेले असते: ‘इथे सगळे आपलेच आहे!’ अयुथ्या म्हणजे आपली अयोध्या. ‘सवात्दी’ म्हणजे आपले ‘स्वस्ति’. राजांचे नाव राम. रामकियेन म्हणजे आपले रामायण. या गोष्टी खऱ्याच आहेत. अयुथ्येचे राज्य १३५१ साली स्थापन झाले, १७६७ साली ब्रह्मी सैन्याने ती राजधानी जाळली, आणि १७८२ पासून बँकॉकमध्ये राज्य करणाऱ्या घराण्याच्या राजांना राम पहिला, राम दुसरा असे म्हणतात. पण ‘आपलेच आहे’ असे म्हटले की पुढे विचारायचे काही उरत नाही. आपल्याच घरात कोण कुतूहलाने पाहतो?

आता आमच्या शिराळ्याचेच उदाहरण घ्या. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या बत्तीस शिराळ्यात आहे. शनिवारी तेल वाहणाऱ्या कोणाही आजीला विचारा, मारुती कोण? ती सांगेल, बालब्रह्मचारी. रामकियेनमधला हनुमान मात्र ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना समुद्रातल्या मत्स्यकन्येवर त्याचे मन बसते आणि त्यांना मुलगाही होतो. थाई लोक हा हनुमान नाटकात पाहतात, त्याच्या पराक्रमाइतकेच त्याचे रंगेलपण त्यांना आवडते, आणि त्यात देवाचा अपमान झाला असे त्यांच्यातल्या कोणालाच वाटत नाही. ‘मारुती आपलाच’ असे म्हणून जो देवळाबाहेर पडला, त्याला हे कधी कळणार नाही. ‘हा मारुती आपला नाही, मग हा कोणाचा, आणि यांना तो असाच का हवा?’ असे जो विचारील, त्याची ओळख तिथून सुरू होईल.

भाषेचेही तेच. ‘सवात्दी’ हा एक शब्द ओळखीचा निघाला म्हणून थाई भाषा ओळखीची होत नाही. त्या भाषेत सुरांचे पाच प्रकार आहेत. ‘खाव’ हा उच्चार एका सुरात काढला तर भात, दुसऱ्या सुरात पांढरा, तिसऱ्या सुरात बातमी. जेवायला बसलेला परका माणूस भात मागायला जातो आणि बातमी मागतो! आठ दिवसांच्या पाहुण्याला ही फजिती कधी होत नाही, कारण तो भात मागतच नाही. त्याचा भात त्याच्या आचाऱ्याजवळ असतो. ही फजिती फक्त राहणाऱ्याच्या वाट्याला येते. मी म्हणतो, फजिती हीच शिक्षणाची पहिली फी आहे. ज्याने ती भरली नाही त्याने प्रमाणपत्र मागू नये.

कोणी म्हणेल, ‘राहणारे तरी कुठे ज्ञानासाठी राहतात? ते पोटासाठी राहतात.’ अगदी खरे. सतराव्या शतकात डच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती आणि एक अयुथ्येला. दोन्हीकडचे डच व्यापारी नफ्यासाठीच आले होते; धर्मार्थ कोणी सात समुद्र ओलांडत नाही. पण अयुथ्येच्या वखारीत १६३० च्या दशकात येरेमियास फान फ्लीट नावाचा एक डच गृहस्थ वर्षानुवर्षे राहिला. बाजारात कोणाचे चालते, दरबारात कोणाला आधी नमस्कार करावा, कोणता सण कधी येतो, हे कळल्यावाचून त्याचा धंदा चालणार नव्हता. म्हणून त्याने लोकांना विचारले, ऐकले आणि लिहून ठेवले. १६४० साली त्याने सयामच्या राजांचा इतिहास लिहिला. पुढे १७६७ च्या आगीत अयुथ्येचे बहुतेक दप्तर जळाले, तेव्हा त्या देशाच्या इतिहासकारांना या परक्या व्यापाऱ्याच्या कागदांचा आधार घ्यावा लागला. तो काही संत नव्हता, सयामी लोकांबद्दल त्याचे ग्रहही होतेच. पण तो राहिला होता. पोटासाठी राहिलेल्या माणसालासुद्धा वास्तव्य काही तरी शिकवून जाते, एवढाच याचा अर्थ.

मग आपल्याकडे असा कोणी राहिला नाही काय? राहिला आहे, आणि तो आपल्या अगदी शेजारचा आहे. आमच्या शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचा पाऊस. पण त्याच सांगली जिल्ह्यात पूर्वेकडे खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळचा माळ पडला आहे. आता टेंभूचे पाणी तिकडे पोचू लागले. पण त्याआधी कित्येक पिढ्या त्या माळावर कुसळांखेरीज काही भरवशाने उगवत नव्हते. शिराळ्याचा माणूस मुंबईला गिरणीत गेला, गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहिला, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर होता नव्हता तो आधारही गमावून बसला. विट्याकडचा माणूस त्याहून लांब गेला. तो सोने गाळायला गेला. तामिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, उत्तर प्रदेश, आसाम – जिथे सराफकट्टा आहे तिथे एका बोळात विट्याकडच्या कोणाची तरी भट्टी आहे. या लोकांना आपण गलाईवाले म्हणतो.

त्याचे काम काय असते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? गिऱ्हाइकाचे मोडीचे दागिने सोनाराकडे येतात. त्यात डाग असतात, तांबे असते, चांदी असते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा टाकायचा नसतो, त्यात सोन्याचा कीस असतो. ते सारे गलाईवाल्याकडे येते. तो ते टाकणखार घालून मुशीत वितळवतो. सोन्यात बेताची चांदी मिसळतो, कारण चांदी पुरेशी असली तरच तेजाब आतपर्यंत पोचतो. मग तेजाबात चांदी आणि तांबे विरघळतात आणि तळाला मातकट रंगाची भुकटी राहते. ते सोने. ती भुकटी धुऊन पुन्हा आटवली की तिला आपला पिवळा रंग येतो. तेजाबात गेलेली चांदीही तो सोडत नाही. त्यात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी खाली बसते. हे सारे एका खोलीत, लालसर पिवळ्या धुरात चालते. तो धूर छातीत जातो. टंच काढण्यात गुंजेची चूक झाली तर दिवसाची कमाई जाते. आणि विश्वास गेला तर गावच सोडावे लागते.

विश्वास! या शब्दावर वाचकांनी क्षणभर थांबावे. परक्या मुलखात, परकी भाषा बोलणारा सराफ आपले सोने वीतभर खोलीत बसलेल्या एका दूरदेशच्या माणसाच्या हाती देतो. कशाच्या बळावर? ओळखीच्या बळावर, आणि ती ओळख आठ दिवसांत होत नाही. त्या माणसाला सराफाच्या घरची लग्नकार्ये ठाऊक असावी लागतात, सुतकात कोणत्या दिवशी जाऊन बसायचे ते ठाऊक असावे लागते, गल्लीतल्या देवळाच्या उत्सवाची वर्गणी न मागता द्यावी लागते. मदुरेला ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ आणि ‘अक्का’ म्हणजे थोरली बहीण, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते शब्द त्याच्या घरातही होते. पण ‘तंबी’ म्हणजे धाकटा भाऊ, हे त्याला तिथे कळले, कारण पहिली काही वर्षे सारी गल्ली त्याला ‘तंबी’च म्हणत होती. ‘तंबी’चा ‘अण्णा’ व्हायला किती वर्षे लागली, हे तोच सांगू शकेल.

१९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिना घडवायला बंदी झाली, तेव्हा देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. सोनाराचे अडले की गलाईवाल्याचेही अडते. ते निर्बंध पुरते उठायला १९९० साल उजाडावे लागले. या सत्तावीस वर्षांत परमुलखात पाय रोवून राहिलेल्या कुटुंबांनी काय केले असेल? त्यांना उधारी कोणी दिली असेल? पोरांची फी कोणी भरली असेल? ही दहा पानांची नव्हे, दहा पुस्तकांची सामग्री आहे. पण ती लिहायला त्यांना कोणी सांगितले नाही. आपल्याला बँकॉकचा तरंगता बाजार हवा!

आणि बायकांचे काय? पुरुषाला बाजार तरी असतो. पण खानापूरच्या एखाद्या वाडीत वाढलेली मुलगी लग्न होऊन एकदम केरळात येते. ज्वारीचे पीठ मिळत नाही. नळावर पाण्याला गेली तर बोलायला शब्द नाही. दिवसभर खोलीत एकटी. शेजारीण प्रथम खुणेने मीठ मागते. मग मिठाला काय म्हणतात ते सांगते. मग एक दिवस बाळंतपणात तीच शेजारीण उशाशी बसते. या बाईने परभाषा मीठ, पाणी, ताप, दूध अशा क्रमाने शिकली. कोणत्याही विद्यापीठात हा क्रम लावलेला नाही, आणि याहून पक्का क्रमही मला माहीत नाही.

त्यांची मुले तिथल्या शाळेत जातात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. प, फ, ब, भ यांनाही एकच. खानापूरचा ‘भगवान’ तिथल्या हजेरीपटावर कसा लिहिला जात असेल याची कल्पना करा! तो मुलगा दोन्ही लिपी शिकतो, घरात मराठी बोलतो, रस्त्यावर तमिळ, आणि सुट्टीत जत्रेला किंवा दिवाळीला गावी येतो. इथे आपण त्याचे स्वागत कसे करतो? ‘आला बघा मद्राशी!’ त्याच्या मराठीतला हेल काढून दाखवतो. त्याने ‘ने’ ऐवजी ‘नी’ म्हटले की पंगतभर हशा पिकतो. तीन भाषा बोलणारे पोर एका भाषेत अडकलेल्या लोकांपुढे मान खाली घालून बसते. तिकडे तो मराठी, इकडे तो मद्राशी. त्याने जावे कुठे?

एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. ‘हे लोक तरी कुठे मिसळतात? सोयरीक गावाकडची, देव गावाकडचा, घर बांधायचे ते गावाकडे. मग तुमचा आठ दिवसांचा पाहुणा आणि हा चाळीस वर्षांचा पाहुणा, फरक काय राहिला?’ फरक असा, की आपले घर सांभाळणे हा दोष नाही. दुसऱ्याच्या घराला नाक मुरडणे हा दोष आहे. मिसळणे म्हणजे विरघळून जाणे नव्हे. याला तंजावरइतका मोठा पुरावा कोणता हवा?

व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले. १८५५ साली ते राज्य संपले. त्यानंतर ना तख्त राहिले ना सनद, तरी तंजावरची मराठी कुटुंबे आजही तमिळ मुलखात घरात एक जुनी, वळणाची मराठी बोलतात. तिच्यात तमिळ शब्द आले, हेल आला. आपल्याला ती ऐकून हसू येते. पण त्या लोकांनी केवळ मराठी जपली नाही. त्यांच्या दरबारात तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी अशा चार भाषांत रचना झाल्या. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले ते सर्व भाषांसाठी. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा मराठी शिलालेख आहे, आणि ते देऊळ चोळांचे, देव तिथला. आपले कीर्तन तिकडे गेले आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी या नावांनी राहिले. तिथला हरिदास ती वृत्ते तमिळ श्रोत्यांपुढे गातो. याला मी वास्तव्य म्हणतो. यात देणेही आहे आणि घेणेही. ‘इथे सगळे आपलेच आहे’ असे म्हणणाऱ्याला यातले एकही जमणार नाही. कारण जो सगळेच आपले समजतो, तो दुसऱ्याकडून घेतले असे कधी कबूल करत नाही.

आता गोष्ट उलटी करून पाहू. आपण लोकांकडे जातो तसे लोकही आपल्याकडे येतात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्याला आला, मरेपर्यंत तिथेच राहिला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून निघाले. अमेरिकेत जन्मलेली एक तरुणी निंबकरांच्या घरात लग्न होऊन आली आणि कमला निंबकर झाली. १९५० साली तिने मुंबईत व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. साताऱ्याच्या फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई लोकांची बोली अभ्यासायला आल्या आणि राहूनच गेल्या. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि गावातल्या ज्या मुलांना शाळेत अक्षर लागत नव्हते त्यांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घातले. फलटणच्या त्यांच्या शाळेला नाव कमला निंबकरांचे आहे. एका परदेशी बाईने आपल्या शाळेला दुसऱ्या परदेशात जन्मलेल्या बाईचे नाव द्यावे, आणि दोघीही आपल्याला परक्या वाटू नयेत, हे त्यांच्या वास्तव्याचे फळ आहे.

अशा माणसांना आपण शाल आणि श्रीफळ देतो. द्यावेच. पण गोऱ्या माणसाने मराठी वाक्य उच्चारले की आपल्याला गहिवर येतो, आणि बिहारचा गवंडी तीन महिन्यांत कामापुरते मराठी शिकतो तेव्हा त्याच्या चुका मोजायला आपण पुढे होतो, हे कसे? गहिवर भाषेसाठी होता की कातडीसाठी? रात्रभर गल्लीत काठी आपटत फिरणाऱ्या गुरख्याला आपण कितीजणांनी त्याचे नाव विचारले? मराठी आली नाही म्हणून ज्याच्यावर ओरडायचे, त्याला ती शिकवायला आपल्यापैकी कोण बसला? आपला गलाईवाला केरळात शिकला, कारण मीठ मागणारी एक शेजारीण होती. आपल्या गल्लीत ती शेजारीण कोण आहे?

परप्रांताचे राहू द्या. वाचक हा लेख वाचत असतील त्याच दिवसांत वारणेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यात कारखान्यांचे गाळप सुरू होण्याची गडबड असेल. दसरा सरला की बीडकडून टोळ्या निघतात. आपण अंगणात आकाशकंदील टांगतो तेव्हा गावाबाहेरच्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहत असतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. पहाटे अंधारात फडात जायचे, पोर बांधावर निजवायचे. ही माणसे मराठी बोलतात. आपलाच विठोबा, आपलीच दिवाळी. तरी सहा महिने गावाच्या शिवेवर राहून ती आपल्याला ‘टोळीवाली’च राहतात. आपल्याच राज्यातल्या माणसाचे नाव आपण सहा महिन्यांत विचारत नाही, आणि थाई माणसाचा स्वभाव मात्र आठ दिवसांत सांगून मोकळे होतो! या विसंगतीला काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

शिराळ्याच्या माणसाने तरी हे करू नये. का, ते सांगतो. आमच्याइतके ‘पाहिले गेलेले’ गाव महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. नागपंचमीला हजारो माणसे येत. कॅमेरे येत, परदेशी पाहुणे येत. गोरक्षनाथांच्या आशीर्वादाने मातीच्या नागाऐवजी जिवंत नाग पुजण्याची प्रथा पडली, अशी आमच्याकडची कथा. ती ऐकायला कोणी थांबत नसे. फणा उभारलेला नाग आणि त्यापुढे हात जोडलेली बाई, एवढे चित्र मिळाले की पाहुणे परत. मग कोणी लिहिले, हे शूरांचे गाव. कोणी लिहिले, हे क्रूरांचे गाव. १९७२ चा वन्यजीव कायदा होताच. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांच्या मिरवणुकीला बंदी आली. बंदी योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. माझे म्हणणे एवढेच, की बाजूने लिहिणारा आणि विरुद्ध लिहिणारा, दोघेही संध्याकाळच्या गाडीने निघून गेलेले असत. पंचमीच्या आधीचे दिवस बांधाबांधाने हिंडणारा माणूस, मडक्यात ठेवलेल्या नागाची घरच्यासारखी चिंता करणारी म्हातारी, आणि हे सारे थांबले पाहिजे असे गावातच राहून म्हणणारा मास्तर – या तिघांना त्यांच्यापैकी कोणी भेटलेच नाही. एका दिवसाच्या पाहुण्याने आपल्यावर निकाल दिला की कसे वाटते, हे आम्हांला ठाऊक आहे. तेच आम्ही दुसऱ्याला करावे?

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या कोणाच्या खिशाला जड नाहीत.

पहिली संपादकांकडे. आठ दिवसांची प्रवासवर्णने छापा, खुशाल छापा. पण अशा प्रत्येक लेखामागे एक लेख अशा माणसाचा छापा, जो परमुलखात किमान दहा वर्षे राहिला आहे. त्याला लिहिता येत नसेल तर त्याच्यापुढे वही घेऊन बसा. त्याच्या बायकोला आधी विचारा. तिला जास्त ठाऊक असते.

दुसरी शाळामास्तरांकडे. सुट्टीत किंवा कायमचे परत आलेले गलाईवाल्याचे पोर वर्गात असेल, तर त्याचे मराठी दुरुस्त करण्याआधी त्याला फळ्यापाशी बोलवा आणि वर्गाला तमिळची किंवा मल्याळमची दहा अक्षरे शिकवायला सांगा. बाकीच्या पोरांची जीभ अडखळू द्या. त्यांची फजिती होऊ द्या. ज्याला आजवर हसलो, त्याला काय काय येते, ते वर्गाला एका तासात कळेल. देशाटनाने शहाणपण येते, हे मोरोपंतांच्या आर्येवरून आपण मुलांकडून पाठ करून घेत आलो. ज्याने खरेच देशाटन केले ते पोर शेवटच्या बाकावर बसलेले आहे.

तिसरी मागणी घराघरांतल्या माउल्यांकडे. फराळाची ताटे शेजारीपाजारी जातातच. त्यांतले एक ताट यंदा गावाबाहेरच्या कोपीवर जाऊ द्या. पण भीक म्हणून नव्हे, आणि फोटोसाठी तर नव्हेच. ताट देऊन लगेच वळू नका. त्या बाईचे नाव विचारा, गाव विचारा, तिच्याकडे करंजीला काय म्हणतात आणि दिवाळीला काय करतात ते विचारा. तिने चहाला बसा म्हटले तर बसा. काळा चहा असेल, घ्या. परतताना तिने रिकामे ताट परत न देता त्यात गूळ, बाजरी, काहीतरी घातले, तर नको म्हणू नका. देणे तुम्हांला येतेच. घेणेही जमले पाहिजे.

आणि एवढे करूनही कोणाला बँकॉकला जावेसे वाटले, तर अवश्य जावे. फक्त आचाऱ्याला एक दिवस रजा द्यावी आणि भात स्वतः मागून पाहावा.